सात कसोट्यांची सरासरी

सी. के. नायडू आणि माधव आपटे हे दोघेही भारताकडून प्रत्येकी ७ कसोटी सामने खेळले. नायडूंच्या १४ डावांत ३५० धावा आहेत. सरासरी बरोबर २५. आपट्यांच्या १३ डावांत ५४२ धावा, सरासरी ४९.२७. नुसते कोष्टक पाहणाऱ्याला आपटे नायडूंच्या दुप्पट मोठे फलंदाज वाटतील. तसे म्हणणारा माणूस मात्र शिवाजी पार्कापासून नागपूरपर्यंत कुठल्याही मैदानावर सापडणार नाही. मग या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा? कारकीर्द जेमतेम दहा-वीस डावांची असेल तर सरासरीवर किती भरवसा ठेवायचा? क्रिकेटच्या अभ्यासकांत हा वाद जुना आहे. संख्याशास्त्रज्ञ, इतिहासकार आणि बेसबॉलवालेही त्यात आपापल्या बाजूने उतरले आहेत. त्यात आज कोण कुठे उभे आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न.

भागाकार कशाने करायचा

क्रिकेटची सरासरी म्हणजे एकूण धावांना बाद झालेल्या डावांनी भागणे. नाबाद डावाच्या धावा वरच्या आकड्यात जमा होतात, पण तो डाव खालच्या आकड्यात धरला जात नाही. बेसबॉलमध्ये रीत वेगळी आहे: एकूण यशस्वी फटके भागिले एकूण संधी. तिथे 'नाबाद' ही भानगडच नाही. बेसबॉलचे गुणफलक रुजवणारा हेन्री चॅडविक जन्माने इंग्लिश होता आणि क्रिकेटचे वार्तांकन करता करता या खेळाकडे वळला होता. तरीही दोन्ही खेळांचे हिशेब वेगळ्या वाटेने गेले. छोट्या कारकिर्दीची अडचण मात्र दोघांना सारखीच आहे. १९६३ मध्ये ह्यूस्टनच्या संघाकडून १८ वर्षांचा जॉन पॅचोरेक आयुष्यातला एकच मोठा सामना खेळला. तीन संधी, तीन फटके, सरासरी १.०००. वेस्ट इंडीजचा अँडी गँतोम १९४८ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला एकच कसोटी खेळला, एकच डाव खेळला, ११२ धावा काढल्या आणि ११२ ची सरासरी घेऊन कायमचा बाहेर बसला. ब्रॅडमनची सरासरी ९९.९४.

असे विनोद टाळण्यासाठी याद्या करणाऱ्यांनी किमान मर्यादा घातल्या. क्रिकेटच्या बहुतेक याद्यांत किमान २० डावांची अट दिसते. त्या कुंपणाच्या आत कोण आणि बाहेर कोण हे पाहण्यासारखे आहे. आपटे १३ डावांमुळे बाहेर राहतात. अहमदाबादच्या दीपक शोधनची ३ कसोट्यांतली ६०.३३ ही सरासरी बाहेर राहते. विनोद कांबळी २१ डावांमुळे आत येतो. एक डाव राखून. वीसच का, पंधरा किंवा तीस का नाही, याला सोय यापलीकडे उत्तर नाही.

कोणता सामना मोजायचा

सरासरी काढण्याआधीचा प्रश्न असा, की मुळात कोणत्या सामन्यांची? आपल्याकडे हा प्रश्न फार नाजूक आहे. मुंबईत १८९२ पासून पारशी आणि युरोपीय यांच्या इलाखा सामन्यांना सुरुवात झाली. १९०७ मध्ये हिंदू आल्यावर तिरंगी, १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर चौरंगी आणि १९३७ मध्ये पंचरंगी स्पर्धा झाली. रणजी करंडक १९३४–३५ पासूनचा. पण 'प्रथम श्रेणी'ची अधिकृत व्याख्या झाली मे १९४७ मध्ये, आणि ती मागच्या तारखेपासून लागू केली नाही. म्हणजे पळवणकर बाळू, शिवराम, गणपत, विठ्ठल या भावांनी ज्या सामन्यांत हयात घालवली, ते सामने प्रथम श्रेणीचे की नाहीत, हे पुढे आकडेशास्त्र्यांनी जुने गुणफलक तपासून ठरवले. विठ्ठलने १९२३ मध्ये हिंदू संघाचे नेतृत्व केले. दलित समाजातल्या खेळाडूला ते मिळण्यामागे किती वर्षांचा झगडा होता, हे रामचंद्र गुहांच्या पुस्तकामुळे आता बऱ्याच वाचकांना ठाऊक आहे. भारताची पहिली कसोटी जून १९३२ ची. म्हणजे कसोटीच्या कोष्टकात या घराण्याचे नाव येण्याची शक्यताच नव्हती.

प्रा. दि. ब. देवधरांचे तेच. १९२६ मध्ये दौऱ्यावर आलेल्या गिलिगनच्या इंग्लिश एमसीसी संघाविरुद्ध मुंबईत त्यांनी १४८ धावा केल्या. भारतीय संघ कसोटीच्या लायकीचा आहे हे पाहुण्यांना पटवणाऱ्या खेळींत, नायडूंच्या ११ षटकारांच्या १५३ धावांबरोबर, या खेळीचेही नाव घेतले जाते. लॉर्ड्सवर पहिली कसोटी झाली तेव्हा देवधर चाळिशीला आले होते आणि संघात नव्हते. नंतर त्यांनी महाराष्ट्राला १९३९–४० आणि १९४०–४१ असे लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकून दिले. कसोटी सरासरी: नाही.

लॉर्ड्सवर २५ जून १९३२ रोजी सुरू झालेल्या त्या कसोटीत भारताकडून पहिला चेंडू खेळले ते पुणे जिल्ह्यातल्या फुलगावचे जनार्दन नवले. त्या सामन्यात १२ आणि १३, पुढे मुंबईत १३ आणि ४. दोन कसोट्या, ४२ धावा, सरासरी १०.५०. नवले यष्टिरक्षक होते आणि यष्टीमागचे त्यांचे काम पाहून इंग्रज समीक्षकांनी त्यांची वाखाणणी केली होती. फलंदाजीच्या कोष्टकात त्याला रकाना नाही.

कोणते सामने मोजायचे याच्या वादात बेसबॉल आपल्या पुढे गेला आहे. १८७१ ते १८७५ ची पहिली व्यावसायिक संघटना 'प्रमुख' धरायची नाही, असे १९६९ मध्ये तिथल्या समितीने ठरवले. तेवढ्याने त्या पाच वर्षांत खेळून संपलेले कित्येक खेळाडू अधिकृत पुस्तकातून गेले. १८८७ मध्ये तर पाच चेंडू सोडून मिळालेली पहिली पायरीही फटक्यात धरत, म्हणून टिप ओनीलची त्या हंगामातली सरासरी ०.४९२ दिसे; नंतर ती ०.४३५ करावी लागली. आणि डिसेंबर २०२० मध्ये कृष्णवर्णीयांच्या १९२० ते १९४८ च्या लीग प्रमुख म्हणून मान्य झाल्या. २०२४ मध्ये ते आकडे मुख्य नोंदींत मिसळले, तेव्हा जॉश गिब्सन ०.३७२ च्या सरासरीने टाय कॉबच्या ०.३६७ वर गेला. टीकाकारांचा आक्षेप असा, की त्या लीगचे हंगाम छोटे होते आणि नोंदी अपुऱ्या आहेत. समर्थक विचारतात, हंगाम छोटे कोणी ठेवले? दोघांचेही म्हणणे खरे आहे, म्हणून तर वाद मिटत नाही.

आकडा आहे तसा घ्या, असे म्हणणारे

पहिल्या पक्षाचे म्हणणे साधे आहे. सरासरी ही भाकीत नसून हिशेब आहे. आपट्यांनी वेस्ट इंडीजमध्ये १९५३ साली ५ कसोट्यांत ४६० धावा केल्या, मालिकेतली सरासरी ५१.११. रामाधीन आणि व्हॅलेंटाइन हे फिरकीपटू समोर होते, खेळणारा विशीतला होता, आणि मालिकेत चारशेच्या वर धावा करणारा तो पहिला भारतीय सलामीवीर. हे घडले आहे; 'पुढे घडले असते का' याचा त्याच्याशी संबंध नाही. मुंबईचे आनंदजी डोसा यांच्यासारख्या आकडेतज्ज्ञांनी आयुष्यभर जे काम केले, ते याच वृत्तीचे: आधी नोंद नीट करा, शेरे नंतर. या पक्षाचा मोठा गुण म्हणजे तो कोणाच्या मतावर अवलंबून नाही.

पण हिशेबातही खाचाखोचा असतात. पोर्ट ऑफ स्पेनच्या तिसऱ्या कसोटीत आपटे १६३ वर नाबाद राहिले. तो डाव बाजूला काढला, तर उरतात ३७९ धावा आणि तेच ११ वेळा बाद होणे: सरासरी ३४.४५. ते १६३ वर बाद झाले असते, तर सरासरी ४५.१७ झाली असती. नाबाद न पाहता दर डावामागे धावा काढल्या तर ४१.६९. चारही आकडे खरे आहेत आणि चारही त्याच १३ डावांतून निघतात. शंभर डावांच्या फलंदाजाच्या बाबतीत असा एक डाव इकडेतिकडे झाला तर काही बिघडत नाही.

कांबळीचे उदाहरण याहून बोलके. १७ कसोट्या, १०८४ धावा, सरासरी ५४.२०, सचिन तेंडुलकरच्या ५३.७८ पेक्षा किंचित जास्त, आणि हे वाक्य मुंबईच्या लोकलमध्ये अजून ऐकू येते. आता कारकिर्दीचे दोन भाग करून पाहा. पहिल्या ७ कसोट्यांत ८ डाव, ७९३ धावा, त्यात इंग्लंडविरुद्ध वानखेडेवर २२४, झिम्बाब्वेविरुद्ध दिल्लीत २२७ आणि कोलंबोत दोन शतके. सरासरी ११३ च्या वर. उरलेल्या १० कसोट्यांत १३ डाव, २९१ धावा, सरासरी २२.३८. ५४.२० हा आकडा यातल्या कुठल्याच कांबळीचा नाही. वेस्ट इंडीजच्या आखूड टप्प्याच्या माऱ्यापुढे तो उघडा पडला असे एक मत. नोव्हेंबर १९९५ मध्ये, तेविसाव्या वर्षीच, त्याचा कसोटीतला दरवाजा बंद करणे घाईचे झाले असे दुसरे. सरासरी दोन्ही बाजूंचे वकीलपत्र घेते.

संख्याशास्त्राची बाजू

दुसरा पक्ष म्हणतो, हिशेब ठीक, पण त्यावरून फलंदाजाच्या कुवतीबद्दल बोलायचे तर अनिश्चितता सांगायला हवी. जी. एच. वुड यांनी १९४५ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात दाखवले, की फलंदाजाच्या धावसंख्या ढोबळमानाने भूमितीय श्रेणीत बसतात. म्हणजे बाद होण्याची शक्यता प्रत्येक टप्प्यावर साधारण सारखी. हे मानले, तर एका डावातले चढउतार जवळपास सरासरीएवढेच मोठे असतात. मग ११ वेळा बाद झालेल्या आपट्यांच्या ४९.२७ मागे सुमारे १५ धावांची प्रमाणत्रुटी चिकटते. खरी कुवत ३५ च्या आसपासही असू शकते आणि ६४ च्याही. याउलट विजय मर्चंट प्रथम श्रेणीत १८८ वेळा बाद झाले, सरासरी ७१.६४. त्यांच्या बाबतीत त्रुटी पाचच्या घरात येते. या ७१.६४ बद्दल शंका घ्यायची तर दुसरे कारण शोधावे लागते. डाव कमी पडले हे कारण चालणार नाही.

नाबाद डावांचा गुंता किंबर आणि हॅन्सफर्ड यांनी १९९३ मध्ये हाताळला. अर्धवट राहिलेल्या निरीक्षणांसाठी वैद्यकीय संशोधनात जी पद्धत वापरतात, ती त्यांनी फलंदाजीला लावली. प्रचलित सरासरी पुरी चुकीची नाही, पण वुडचे गृहीतक जिथे मोडते तिथे ती फसवते. आणि ते मोडते सुरुवातीलाच: नजर बसेपर्यंत कोणताही फलंदाज जास्त लवकर बाद होतो, हे सलामीवीराला शिकवावे लागत नाही.

सर्वांत धीट सूचना बेसबॉलमधून आली. ब्रॅडली एफ्रन आणि कार्ल मॉरिस यांनी १९७० च्या हंगामातले १८ खेळाडू घेतले, प्रत्येकाच्या पहिल्या ४५ संधी पाहिल्या आणि सर्वांच्या सरासऱ्या मधल्या सामाईक सरासरीकडे खेचल्या. रॉबेर्तो क्लेमेंतेची ०.४०० होती ती ०.२९० झाली. उरलेल्या हंगामात तो ०.३४६ ने खेळला. म्हणजे त्याच्या एकट्याच्या बाबतीत खेचणे जरा जास्तच झाले, पण अठराही जण मिळून पाहिले तर खेचलेले अंदाज कच्च्या सरासऱ्यांपेक्षा बरेच अचूक निघाले. छोट्या कारकिर्दीला हे लावले, तर शोधनचे ६०.३३ आणि आपट्यांचे ४९.२७ खाली येतात, नवल्यांचे १०.५० वर जाते. गणित म्हणून यात खोट काढणे कठीण आहे. पण कोणत्या गटाच्या सरासरीकडे खेचायचे? सगळ्या भारतीय सलामीवीरांच्या, की १९५० च्या दशकातल्या, की फक्त परदेशात खेळलेल्यांच्या? गट बदलला की उत्तर बदलते, आणि गट निवडण्याचे गणित कोणाकडे नाही.

पुणे, १९४८–४९

तिसरा पक्ष संदर्भाचा. खेळपट्टी, समोरचा मारा, काळ यांच्याशिवाय आकडा मुका असतो असे तो म्हणतो. त्याची बाजू समजून घ्यायची तर पुण्याचा एक हंगाम पुरेसा आहे.

डिसेंबर १९४८ मध्ये महाराष्ट्राने काठियावाडला २३८ वर गुंडाळले आणि मग भाऊसाहेब निंबाळकर खेळायला आले. कोल्हापूरच्या या गृहस्थाने ४९४ मिनिटे किल्ला लढवला, ४९ चौकार आणि एक षटकार मारला, कमल भांडारकरबरोबर ४५५ धावांची भागी केली. तिसऱ्या दिवशी उपाहाराला महाराष्ट्र ४ बाद ८२६, निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ या विश्वविक्रमाला ९ धावा कमी. काठियावाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, पुढे खेळायला नकार दिला आणि सामना सोडून दिला. प्रथम श्रेणीत भारतीयाची ती आजही सर्वोच्च खेळी आहे. निंबाळकरांची कारकीर्द ८० सामने, ४८४१ धावा, सरासरी ४७.९३. कॉमनवेल्थ संघाविरुद्धचा एक सामना ते भारताकडून खेळले, पण ती कसोटी अनधिकृत. अधिकृत एकही नाही.

त्याच हंगामात वेस्ट इंडीजचा संघ भारतात होता. निंबाळकरांच्या खेळीनंतर साधारण सहा आठवड्यांनी मद्रासच्या कसोटीत महाराष्ट्राचाच एक फलंदाज निवडला गेला: पनवेलचे मधुसूदन रेगे. १५ आणि ०. सरासरी ७.५०, कसोटी कारकीर्द संपली. मार्चमध्ये पुण्यात रणजीचा उपांत्य सामना झाला. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण २३७६ धावा, ९ शतके, मुंबई ३५४ धावांनी विजयी. रेग्यांनी त्यात दोन्ही डावांत शतके ठोकली.

संदर्भवादी म्हणतात, बघा: ज्या मैदानावर चौथ्या डावातही सहाशे होतात, तिथल्या चारशेंना किती वजन द्यायचे? म्हणूनच मर्चंटांची रणजीतली ९८.७५ आणि कसोटीतली ४७.७२ यांत एवढे अंतर आहे. के. सी. इब्राहिमने १९४७–४८ च्या हंगामात दीडशेच्या वर सरासरी राखली. कसोटीत ८५ आणि ४४ ने सुरुवात केली आणि उरलेल्या सहा डावांत मिळून ४० धावा. दुसरी बाजू तितकीच ठाम आहे: खेळपट्टी सर्वांना सारखीच होती, मग त्या काळात ४४३ एकानेच का केल्या? आणि रेग्यांना पारखायला दोन डाव पुरले, निंबाळकरांना तेही का मिळू नयेत? माझे मत विचाराल तर या दुसऱ्या प्रश्नाला आजवर कोणी समाधानकारक उत्तर दिलेले नाही.

कारकीर्द छोटी का होते

वरचे सगळे पक्ष गृहीत धरतात, की डाव कमी आहेत ही निव्वळ योगायोगाची गोष्ट. तसे नसते. नायडू ७ कसोट्या खेळले, कारण १९३२ ते १९३६ या काळात भारत एकूण ७ च कसोट्या खेळला, आणि त्या सगळ्यांत ते होते. वय ३६ ते ४०. त्यांचे २५ हे उतारवयाचे मोजमाप आहे. मर्चंटांच्या १० कसोट्या १९३३ ते १९५१ अशा पसरल्या आहेत. १९३२ चा दौरा त्यांनी आणि एल. पी. जय यांनी गांधीजींच्या अटकेच्या निषेधार्थ नाकारला, मग युद्धाने कसोट्या बंद पडल्या, मग प्रकृतीने ऑस्ट्रेलियाचा दौरा हुकला. शेवटच्या कसोटीत मर्चंटांनी १५४ केल्या. इंदूरच्या संध्या अग्रवाल यांच्या १३ कसोट्या अकरा वर्षांत झाल्या, सरासरी ५०.४५, १९८६ मध्ये इंग्लंडमध्ये काढलेल्या त्यांच्या १९० धावा तेव्हा महिला कसोटीतला विश्वविक्रम होत्या. कसोट्याच ठेवल्या नाहीत, तर खेळणार कुठे?

आणि आपटे. वेस्ट इंडीजहून परत आल्यावर त्यांना भारताने पुन्हा कसोटीत घेतले नाही. तेव्हा ते विशीतच होते. कारणे वेगवेगळी सांगितली जातात. त्यांनी स्वतःची बाजू आत्मचरित्रात मांडली आहे. मुंबईकडून ते पुढे बरीच वर्षे खेळले आणि प्रथम श्रेणीत ३८.७९ च्या सरासरीने ३३३६ धावांवर थांबले. संख्याशास्त्रवाद्याला हे ३८.७९ आपल्या अंदाजाच्या मर्यादेत बसलेले दिसेल. आपट्यांचा चाहता म्हणेल, की संघातून काढलेल्या तरुणाचे पुढचे आकडे पुरावा म्हणून वापरणे हा अन्याय आहे.

काय सुटलेले नाही

काही बाबतींत आज बऱ्यापैकी एकमत आहे. सरासरी एकटी छापू नये. डाव आणि नाबाद बरोबर हवेत. दहा-वीस डावांवरून दोन फलंदाजांत उजवे-डावे करू नये. आणि अमुक एक 'किमान डाव' ही सोय आहे, कसोटी नव्हे.

एकमत नाही ते असे. देशांतर्गत आणि कसोटीचे आकडे एकत्र तोलायचे कसे, याचे मान्य सूत्र नाही. अनधिकृत कसोट्यांचे काय करायचे, हे आपल्या मंडळाने आणि आकडेतज्ज्ञांनी एकत्र बसून कधी नीट ठरवलेले नाही. अमेरिकेने जे कृष्णवर्णीयांच्या लीगबाबत केले, त्याचा इथे विचारही सुरू झालेला नाही. काळानुसार समायोजन करायचे तर प्रत्येक डावात किती चेंडू खेळले, खेळपट्टी मॅटची की मातीची, कोणी किती षटके टाकली, हे हवे. १९५० च्या आधीच्या सामन्यांत चेंडू सर्रास मोजले जात नसत. आज गावोगावच्या टेनिस-चेंडू स्पर्धांत पोरे मोबाइलवर चेंडूगणिक नोंद ठेवतात; निंबाळकर, देवधर आणि विठ्ठल यांच्या बाबतीत ती फक्त जुन्या गुणवह्यांतून, वर्तमानपत्रांच्या धावफलकांतून जोडता येईल.

त्या वह्या ग्रंथालयांत फारशा नाहीत. त्या पुण्याच्या, कोल्हापूरच्या, मुंबईच्या जुन्या क्लबांच्या कपाटांत आणि गुणलेखकांच्या घरी माळ्यावर आहेत, आणि दर दिवाळीच्या साफसफाईला थोड्या कमी होतात. तुमच्या घरी एखादी असेल, तर रद्दीवाल्याला देण्याआधी निदान पानांचे फोटो काढून एखाद्या ग्रंथालयाकडे द्या.